सदतीसावी ओळ

मीटिंगला जो नसेल त्याच्या नावावर जोखीम टाकायची, ही पद्धत त्या कंपनीत कुणी पाडली ते देव जाणे. कुठं लिहिलेली नव्हती, पण पाळायचे सगळे. नवीन प्रोजेक्ट आलं की आधी रिस्कची शीट भरायची. काय काय बिघडू शकतं, बिघडलं तर किती नुकसान, आणि त्यावर लक्ष कोण ठेवणार. पहिले रकाने भरताना जो तो तोंड भरून बोलायचा. शेवटचा, नावाचा रकाना आला की सगळ्यांना एकदम मोबाईलमध्ये काम निघायचं. मग कुणीतरी म्हणायचं, "आज कोण आलं नाही?" झालं! हशा पिकायचा, चहा यायचा, आणि जो बिचारा रजेवर असेल त्याच्या गळ्यात तीन-चार धोंडे बांधले जायचे. दुसऱ्या दिवशी तो मेल बघायचा, दोन शिव्या हासडायचा आणि कामाला लागायचा.

ही शीट भरायचं काम दिग्विजयचं. चाकणला पत्र्याचे पार्ट दाबून काढणारी ती कंपनी, तिथं तो प्रोजेक्ट प्लॅनिंगला होता. कंपनी ज्या जमिनीवर उभी आहे ती एकेकाळी त्याच्या आजोबांची. वीस-बावीस वर्षांपूर्वी विकली. लहानपणी ज्या वावरात तो शेंगा उपटत हिंडला, त्याच वावरात आता गळ्यात आयकार्ड अडकवून जायचा, आणि त्याचा त्याला थोडा तोराही होता. "आमच्याच रानात आम्ही नोकर, राव," असं हसत हसत सांगायचा.

त्याचा जिवाभावाचा दोस्त म्हणजे मेंटेनन्सचा बुद्धरत्न. दोघांनी डिप्लोमा एकत्र केलेला. बुद्धरत्न पिंपरीचा, वडील कारखान्यात फिटर होते, आणि पोरगाही हाडाचा फिटरच निघाला. नट आवळून झाला तरी जाता जाता पुन्हा एकदा हात लावून बघणारा. एखादी गोष्ट खटकली की उकरून काढल्याशिवाय त्याला जेवण जायचं नाही. बारा वर्षं दोघांचा डबा एका टेबलावर उघडत होता.

गेल्या साली कंपनीनं ठरवलं, भोसरीचं जुनं वर्कशॉप बंद करायचं आणि तिथले प्रेस, म्हणजे पत्रा दाबायची मशिनं, चाकणला आणायचे. जुन्या शेडमागं मोकळी जागा होती, तिथं शेड वाढवायची आणि सगळ्यात अवजड प्रेस तिथं बसवायचा. फक्कीनं जमिनीवर रेघा मारून झाल्या, आणि तेवढ्यात खंडेनवमी आली.

खंडेनवमीला कंपनीत मशिनची पूजा असते, आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडतात. दिग्विजयची आत्या छबूबाई हट्टानं आली. नवरा गेल्यापासून भावाच्या घरीच राहिलेली, सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, पण पाय भलते चपळ. मशिनला झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, हातावर पेढा, सगळं झालं. पण आत्याला मशिनचं कौतुक नव्हतं. ती तरातरा मागं गेली, फक्कीच्या रेघांमधून चालत गेली आणि एका जागी उभी राहिली.

"दिगू, आरं ही तर आपली हीर!"

"कुठली विहीर, आत्या?"

"चिचंखालची. विसरलास व्हय? तुज्या बानं जमीन इकली तवा बुजवली न्हाई का! पाडलेल्या घराचा राडारोडा टाकला, आन् ती चिच तोडून बुंधा तसाच आत ढकलला. म्या रडले हुते त्या दिशी." तिनं चपलेच्या टाचेनं माती दाबली. "हितंच. त्या निळ्या टाकीच्या समूर. माज्या पायाखाली हाय बग."

दिग्विजयनं खाली बघितलं. ती फक्कीच्या ज्या चौकोनात उभी होती, तिथंच प्रेस बसायचा होता.

आता हे त्याला तिथंच कळलं, बरं का. पुढं जे झालं ते अज्ञानातून झालं असं कुणी म्हणायचं कारण नाही. विहीर कशानं भरली आहे तेसुद्धा त्याला माहीत होतं. जमिनीत गाडलेलं लाकूड वीस वर्षांत कुजतं आणि वरची माती पोकळ राहते, हे कळायला इंजिनिअर व्हायला लागत नाही. जमिनीची तपासणी झाली होती, पण तीन कोपऱ्यांत खड्डे घेतलेले. या जागी घेतलाच नव्हता.

महिन्याभरानं रिस्कची मीटिंग लागली, आणि नेमकं त्याच दिवशी आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन. दिग्विजयला मीटिंग सोडता येईना. बुद्धरत्न म्हणाला, "एवढं काय त्यात? माझी रजा शिल्लक आहे. मी नेतो आत्यांना. तू भर तुझी शीट." आणि सकाळी सातला तो गाडी घेऊन दारात हजर झाला.

मीटिंगमध्ये दिग्विजयनं सदतीसाव्या ओळीत लिहिलं, 'मागील जागेत जुनी बुजवलेली विहीर असण्याची शक्यता.' शक्यता! पायाखाली आहे म्हणून सांगितलेलं, आणि हा शक्यता लिहितो. पुढं तीन आकडे टाकायचे असतात. नुकसान किती, घडण्याची शक्यता किती, आणि आधी लक्षात येणं किती अवघड. त्यानं नऊ, तीन आणि चार टाकले. गुणाकार झाला एकशे आठ, आणि खाना लालभडक झाला. शंभराच्या वर गेलं की ती ओळ ज्यांच्यासाठी पार्ट बनतात त्या मोठ्या कंपनीकडं जायची. ते म्हणणार, आणखी खड्डा घ्या, रिपोर्ट द्या. तीन आठवडे गेलेच.

प्लँटचे प्रमुख दादासाहेब स्क्रीनकडं बघत म्हणाले, "हे लाल काय दिसतंय? बघ जरा."

एवढंच म्हणाले. बदल म्हणाले नाहीत, दम दिला नाही. 'बघ जरा', आणि चहाचा कप उचलला. दिग्विजयनं बघितलं. चाराचा तीन केला. एक्क्याऐंशी झाले, खाना पिवळा झाला, आणि खोलीतल्या सगळ्यांना बरं वाटलं.

"ओनर कोण?" कुणीतरी विचारलं.

"आज कोण नाही?"

"बुद्धरत्न!"

हशा पिकला. दिग्विजयही हसला. ज्याच्या आत्याला घेऊन तो माणूस दवाखान्याच्या बाकावर बसला होता, तो हसला आणि त्यानं रकान्यात नाव टाइप केलं.

संध्याकाळी तो मेल लिहायला बसला. 'रत्ना, तुझ्या नावावर एक रिस्क टाकली आहे. आधी माझ्याशी बोल, जागा मी दाखवतो.' लिहून झालं आणि त्याचा हात थांबला. हा गडी मेल वाचणार, उठून मागं जाणार, पहार घेऊन स्वतः खणायला लागणार. मग तो एकशे आठ परत यायचा, तीन आठवडे यायचे, आणि आकडा कुणी बदलला हा प्रश्नही यायचा. उद्या पाठवू, असं म्हणून त्यानं लॅपटॉप मिटला. तो उद्या काही आला नाही. खड्डा खणला, काँक्रीट पडलं, प्रेस बसला, नारळ फुटला. प्रेस चालू झाल्यावर मेल पाठवण्यात काही अर्थच उरला नाही, असं त्यानं स्वतःला पटवलं. स्वतःला पटवायला तो भलताच हुशार होता.

एप्रिलच्या एका सकाळी, पहिल्या शिफ्टला, प्रेसचा मागचा कोपरा वीतभर खाली बसला. मशिन एका अंगाला कललं. शेजारी ट्रॉलीवर ठेवलेला डाय, पार्ट दाबायचा अवजड लोखंडी साचा, घसरला, आणि तो चिमाजीच्या उजव्या पायावर आला. चिमाजी भोसरीपासूनचा ऑपरेटर, लातूरकडचा, मशिन इकडं आलं म्हणून त्याच्यामागं रोज बसनं चाकणला येणारा. बूट होता म्हणून घोट्यापर्यंतचा पाय राहिला. पुढचा अर्धा डॉक्टरांना काढावा लागला.

चौकशी लागली. सेफ्टीच्या मोनिका मॅडमनी शीट उघडली. सदतीसावी ओळ समोरच होती. विहिरीचं लिहिलेलं, आकडा पिवळा, नाव बुद्धरत्नचं. धोका लिहून ठेवलेला असून यानं काहीच केलं नाही, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता. बुद्धरत्नला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. मीटिंगला हसलेले सगळे गप्प बसले. नाव कसं पडलं ते त्यांना माहीत होतं, पण मेल गेला नाही हे एकट्या दिग्विजयलाच माहीत होतं.

चौथ्या दिवशी बुद्धरत्नचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"दिग्या, मेल सापडेना रे. तू पाठवला असशील, तू काय विसरणारा नाहीस. त्या आठवड्यात तीनशे मेल होते, त्यात माझ्या हातून उडाला बघ. तू एवढं लिहून ठेवलंस आणि मी वाचलं नाही. चिमाजीचा पाय माझ्यामुळं गेला."

आणि दिग्विजय काय म्हणाला? म्हणाला, "असू दे रे. होतं असं."

होतं असं! जीभ झडली कशी नाही त्याची? त्यानं फोन ठेवला. बाथरूममध्ये जाऊन त्यानं तोंडावर पाणी मारलं, पण आरशात बघायची त्याची हिंमत झाली नाही. खरं सांगावं, तर नोकरी जाणार, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. न सांगावं, तर रत्नाची नोकरी जाणार, आणि कुठल्याच कारखान्यात त्याला कुणी उभं करणार नाही. त्या दिवसापासून डबा उघडला की समोरची खुर्ची रिकामी दिसायची आणि तो डबा तसाच परत मिटायचा.

घरी आत्यानं विचारलंच. गावात बातमी लपते थोडीच.

"दिगू, म्या दावली हुती ती हीरच खचली म्हनं. तू सायबाला सांगितलं हुतंस ना?"

"सांगितलं होतं, आत्या."

"मग त्यांनीच ऐकलं न्हाई म्हन की. तुजा काय दोस?" तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात त्याला चटक्यासारखा लागला. "आन् रत्ना का येईना घरला? त्या दिशी दिसभर बाकावर बसून हुता माज्यापायी. डोळ्यात थेंब टाकायचं बी त्यानंच शिकवलं मला. ह्या कुरडया त्याला दे."

कुरडयांची ती पिशवी आठ दिवस त्याच्या गाडीच्या डिकीत पडून होती. चौकशीची शेवटची बैठक शनिवारी ठरली, तेव्हा शुक्रवारी कंपनी सुटल्यावर तो कसाबसा पिंपरीला गेला. बुद्धरत्न खाटेवर कागद घेऊन बसला होता. कुरडया बघून त्याचे डोळे भरून आले.

"आत्या कशा आहेत? दिसतंय ना नीट?"

"दिसतंय."

"बरं झालं. हे बघ, उद्याचा जबाब लिहिलाय. तुझी भाषा चांगली आहे, जरा नजर टाक."

दिग्विजयनं कागद घेतला. 'सदर धोक्याची सूचना मला मिळाली होती. माझ्या दुर्लक्षामुळे श्री. चिमाजी यांना अपंगत्व आले. याची सर्व जबाबदारी माझी आहे.' बुद्धरत्न पेन पुढं करून वाट बघत होता. आणि दिग्विजयनं ते पेन घेतलं. 'दुर्लक्ष' या शब्दावरचा रफार चुकला होता, तो त्यानं दुरुस्त केला. मित्राच्या गळ्याचा फास नीट बसतोय ना, एवढं बघून दिलं त्यानं. बुद्धरत्न म्हणाला, "थँक्यू, भावा."

शनिवारी अकराला तीच खोली, तीच स्क्रीन. दादासाहेब, मोनिका मॅडम, मीटिंगला हसलेली मंडळी. बुद्धरत्न इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मॅडमनी त्याचा जबाब मोठ्यानं वाचला आणि सहीसाठी पुढं सरकवला. त्यानं पेनचं टोपण काढलं.

"थांब, रत्ना," दिग्विजय म्हणाला. तो उभा राहिला. "सही करू नकोस. तुला मेल आलाच नाही. मी पाठवलाच नाही."

त्यानं लॅपटॉप स्क्रीनला जोडला आणि न पाठवलेले मेल उघडले. सहा महिन्यांपूर्वीची तारीख भिंतीवर ठळक दिसायला लागली. 'आधी माझ्याशी बोल, जागा मी दाखवतो.'

"आकडा एकशे आठ होता. चाराचा तीन मी केला. विहीर आमचीच. माझ्या आत्यानं मला तिथं उभं करून दाखवली होती. आणि रत्ना त्या दिवशी मीटिंगला नव्हता, कारण तो तिला दवाखान्यात घेऊन गेला होता. माझ्याऐवजी."

दादासाहेबांनी घसा साफ केला. "मी बघ जरा म्हणालो होतो. बदल म्हणालो नव्हतो."

"नाही म्हणालात," दिग्विजय म्हणाला. ते खरंच होतं.

बुद्धरत्न स्क्रीनकडं बघत होता. त्यानं तो मेल एकदा वाचला, परत वाचला. मग पेनला टोपण लावलं, आपला कागद उचलून चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवून बाहेर पडला.

दिग्विजयनं त्याला पार्किंगमध्ये गाठलं. "रत्ना, चप्पल काढून मार मला. पण काहीतरी बोल."

बुद्धरत्नानं हेल्मेट हातात घेतलं होतं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर परवडलं असतं.

"तीन आठवडे रोज संध्याकाळी चिमाजीच्या खोलीवर जातोय मी," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी जाईबाईच्या, त्याच्या बायकोच्या पाया पडलो. तिनं मला घरात घेतलं नाही. दारात उभं करून आख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा शिव्या दिल्या. तुझ्या पोराबाळांचं वाटोळं होईल म्हणाली. मी ऐकून घेतलं, कारण मला वाटलं तिचं बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी परत गेलो, परत ऐकलं." तो थांबला. "दिग्या, त्या शिव्या तुझ्या होत्या. माझ्या नावावर टाकल्यास."

त्यानं हेल्मेट घातलं, गाडीला किक मारली आणि गेला. 'जा, माफ केलं' म्हणाला नाही, आणि 'तोंड दाखवू नकोस' असंही म्हणाला नाही. दिग्विजयला त्याच दुपारी आयकार्ड जमा करायला लावलं. ते गळ्यातून काढताना त्याला काहीच वाटलं नाही. कानात फक्त रत्नाचं शेवटचं वाक्य होतं.

गेटबाहेर आल्यावर त्याला घरी जायचं होतं. आत्या विचारणार होती, रत्नाला कुरडया आवडल्या का म्हणून. पण गाडी त्यानं भोसरीकडं वळवली. चिमाजीचा पत्ता कंपनीत सगळ्यांना पाठ झाला होता, आणि इतक्या दिवसांत दिग्विजय एकदाही तिकडं फिरकला नव्हता. गल्लीत लेथ मशिनचा आवाज चालू होता. लोखंडी जिना चढताना एकेका पायरीवर त्याला परत फिरावंसं वाटत होतं.

वरच्या मजल्यावर शेवटच्या खोलीचं दार उघडंच होतं. बाहेर कंपनीचे सेफ्टी बूट ठेवलेले, दोन्ही, पुसून स्वच्छ केलेले. उजव्याचं टोक पार चेपलेलं होतं. जाईबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तिनं वर बघितलं.

"त्यो बुद्धरत्न कुठंय? आज आला न्हाई."

"तो नाही येणार, ताई. त्याचं यायचं कामच नव्हतं."

"मग तुमी कोण?"

दिग्विजयच्या तोंडात सवयीनं कंपनीचं नाव आलं होतं, पदाचं नाव आलं होतं. दोन्ही त्यानं गिळलं.

"ती विहीर आमची होती, ताई. कुठं आहे ते मला माहीत होतं. मी बोललो नाही."

जाईबाईचा हात तांदळात तसाच राहिला. दिग्विजय शिव्यांची वाट बघत उभा राहिला. त्या त्याच्याच होत्या, त्या घ्यायलाच तो आला होता. पण त्या आल्या नाहीत.

आतून चिमाजीचा आवाज आला. "कोण आलंय गं?"

जाईबाईनं ताट उचललं आणि उंबरा मोकळा करून बाजूला झाली.

"आत जा," ती म्हणाली. "त्यांच्या तोंडावर सांगा."

दिग्विजयनं आपले बूट काढून त्या बुटांच्या शेजारी ठेवले आणि तो आत गेला.